फोमच्या चौकोनांवर उदगीरची लढाई : वॉरगेमचं जोडता येणारं मैदान घरी कसं बनतं?

३ फेब्रुवारी १७६० रोजी औशाच्या परिसरात सदाशिवरावभाऊंच्या फौजेने निजामाच्या सैन्याला गाठलं. इतिहासात ही लढाई उदगीरची लढाई म्हणून ओळखली जाते. नंतरच्या तहात पेशव्यांना साठ लाखांच्या आसपास उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगडसारखे किल्ले मिळाले. वर्षभराच्या आत तेच भाऊ आणि त्यांच्या तोफखान्याचा तोच इब्राहिमखान गारदी पानिपतावर उभे होते, आणि पानिपताच्या सावलीत उदगीर झाकोळून गेलं.

टेबलावर लढाया खेळणाऱ्यांसाठी मात्र उदगीर हा पानिपतापेक्षा चांगला डाव आहे. दोन्हीकडे तोफा आहेत. एक फौज औशाकडून पुढे धारूरच्या दिशेने निसटू पाहतेय, दुसरी तिला वाटेतच अडवतेय. कोण जिंकणार हे पहिल्याच चालीत ठरत नाही. अडचण एकच : खेळायला जमीन हवी. बाजारात तयार मिळणारं मैदान बहुतेक युरोपातल्या हिरव्या टेकड्यांचं किंवा कल्पित ग्रहांवरच्या भग्न शहरांचं असतं. लातूर-नांदेडचा माळ, ओढा, बाभळी आणि खंदकाचा भुईकोट कोणी विकत नाही. तो घरीच बनवावा लागतो, आणि थोडा फोम, थोडी तार, थोडा फेविकॉल एवढ्यात तो बनतोही.

हा खेळ नेमका काय?

टेबलटॉप वॉरगेम म्हणजे छोट्या सैनिकांच्या मूर्ती टेबलावर मांडून, मोजपट्टीने चाली मोजून आणि फासे टाकून खेळलेली लढाई. बुद्धिबळात पट सपाट असतो आणि प्रत्येक घर सारखं. इथे जमीन हाच तिसरा खेळाडू. टेकडीमागचं पथक तोफेला दिसत नाही, ओढा ओलांडताना घोडदळाचा वेग पडतो, गावातल्या घरांच्या आडोशाला बसलेल्यांना गोळी कमी लागते. त्यामुळे मैदान नुसतं सुंदर असून भागत नाही, त्यावर मोजता आलं पाहिजे आणि मूर्ती उभी राहिली पाहिजे.

आणि दर वेळी तेच मैदान असेल तर खेळ मरतो. दोन-तीन डावांत खेळाडूंना कळतं की उजवीकडची टेकडी आधी पकडली की काम झालं. म्हणून मैदान तुकड्यांत बनवायचं, असे तुकडे जे कसेही फिरवून जोडता येतील. ही युक्ती आजची नाही. प्रशियाच्या बॅरन रायस्विट्झने १८१२ मध्ये राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याला युद्धखेळाचं टेबल सादर केलं. त्याने आधी ओल्या वाळूवर खेळ मांडला होता, पण राजासमोर वाळू कशी ठेवायची, म्हणून त्याने प्लास्टरचे रंगवलेले चौकोन बनवले. नद्या, रस्ते, गावं, टेकड्या असलेले हे चौकोन हवे तसे मांडून नवं रणांगण तयार करता यायचं. त्याच्या मुलाने १८२४ मध्ये खेळ नकाशावर नेला, तो प्रशियाच्या सैन्याने अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी उचलला आणि चौकोन मागे पडले. आज हौशी लोक जे करतात ते बापाचं काम आहे, फक्त प्लास्टरच्या जागी फोम आलाय.

मराठी घरात याचा जवळचा नातेवाईक म्हणजे दिवाळीचा किल्ला. दगड, विटा, पोतं, माती, वर अळीव पेरलेलं आणि मावळे मांडलेले. फरक इतकाच की किल्ला दिवाळीनंतर मोडतो आणि त्याची जागा बदलत नाही. आणखी एक फरक जपायचा : फोमवर पणती ठेवायची नाही. तो पटकन पेटतो आणि काळा धूर सोडत जळतो.

कोणता फोम?

दुकानात ‘फोम’ म्हटलं की चार वेगळ्या वस्तू समोर येतात आणि इथेच पैसे किंवा फुप्फुसं वाया जातात.

पहिला आपला नेहमीचा थर्माकोल. पॉलिस्टायरिनचे फुगवलेले मणी वाफेने एकमेकांना चिकटवलेले असतात. हलका, स्वस्त, पण सुरीने कापला की मणी सुटतात आणि कडा कुरतडल्यासारखी दिसते. दुसरा एक्सपीएस. पदार्थ तोच, पॉलिस्टायरिन, पण मणी न करता यंत्रातून सलग दाबून काढलेला. आतल्या हवेच्या पेशी बारीक आणि बंद असतात, त्यामुळे तो घट्ट, कापायला गुळगुळीत, आणि त्यावर पेनाच्या टोकाने दाबलं तरी दगडी बांधकामाच्या रेघा उमटतात. निळ्या, गुलाबी किंवा हिरव्या रंगात येतो. मैदानासाठी हाच सर्वात चांगला. स्टेशनरीच्या दुकानात तो विचारून उपयोग नाही. तो बांधकामाचा माल आहे : गच्चीवर ऊन अडवायला आणि शीतगृहांच्या भिंतींत वापरतात. नांदेड-लातुरात मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, त्यामुळे गच्चीला उष्णतारोधक थर देणारे कंत्राटदार इथे आहेत आणि त्यांच्याकडे कामातून उरलेले तुकडे असतात. पूर्ण शीट सहसा सव्वा मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद असते.

तिसरा सनबोर्ड. लातूर-नांदेडमध्ये शाळा-कॉलेजांच्या प्रोजेक्टसाठी तो कुठेही मिळतो, म्हणून हात आधी तिकडे जातो. घरांच्या भिंती, छपरं, पूल यांना तो उत्तम. पण तो पीव्हीसीचा असतो. त्याला गरम तार लावायची नाही, कारण तापलेल्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड हा घसा-डोळे जाळणारा वायू निघतो. सनबोर्ड फक्त कटरने कापायचा. हाच नियम चौथ्याला, म्हणजे पिवळसर, भुसभुशीत पीयू फोमला. त्याचा धूर तर आणखी विषारी.

आता कायद्याचा मुद्दा, कारण तो टाळून चालणार नाही. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली, त्यात थर्माकोलची ताटं-वाट्या आणि सजावट आली. त्याच वर्षी गणपतीपुरती सूट मागणाऱ्या व्यावसायिकांना मुंबई उच्च न्यायालयाने दिलासा दिला नाही. पुढे १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या एकल वापर प्लास्टिकच्या बंदीतही सजावटीचा थर्माकोल आहे. दहा वर्षं वापरायचं मैदान आणि दहा दिवसांचं मखर एकच नव्हे, हे खरं. तरी सजावटीच्या नावाने विकला जाणारा नवा थर्माकोल शोधत फिरण्यात अर्थ नाही. टीव्ही, फ्रिज, कूलरच्या खोक्यातून तो घरात येतच असतो आणि एरवी थेट कचऱ्यात जातो. उपकरणांच्या दुकानदाराला सांगून ठेवलं तर तो आनंदाने देतो. टेकड्यांच्या आतल्या भरावासाठी हा फुकटचा थर्माकोल, आणि जिथे कोरीव काम दिसणार तिथे एक्सपीएस, ही वाटणी सगळ्यात शहाणी.

खरं काम कडांचं

नवशिका आधी टेकडी बनवतो. ती छान होते. मग दुसरा तुकडा बनवतो, दोन्ही शेजारी ठेवतो आणि रस्ता मध्येच तुटलेला दिसतो, एक तुकडा वर, एक खाली. जोडता येणाऱ्या मैदानात मधला भाग कसाही असो, कडा मात्र ठरलेल्या हव्यात.

६० सेंटिमीटरचा चौकोन हे सोयीचं माप. एका शीटमधून दोन निघतात आणि पाच सेंटिमीटरची पट्टी उरते, ती कुंपणं-बांधांना कामाला येते. सहा चौकोनांचं १८० बाय १२० सेंटिमीटरचं मैदान होतं, म्हणजे जवळपास सहा फूट बाय चार फूट, आणि बहुतेक खेळांना तेवढं पुरतं. घर लहान असेल तर ३० सेंटिमीटरचे चौकोन करावेत. ते खोक्यात मावतात, पण २४ करावे लागतात आणि सांधे जास्त दिसतात.

सुताराकडून प्लायचा एक अचूक काटकोनी फर्मा करून घ्यावा आणि प्रत्येक चौकोन त्याच फर्म्याला धरून कापावा. एकाला मापून दुसरा, दुसऱ्याला मापून तिसरा असं केलं की चूक साचत जाते. प्रत्येकात फक्त दोन मिलिमीटर वाढले तरी सहाव्या तुकड्यापर्यंत सव्वा सेंटिमीटरची फट पडते. मग नियम : रस्ता किंवा ओढा कडेच्या बरोबर मध्यावरच बाहेर पडेल, ठरलेल्या रुंदीनेच पडेल, आणि कडेपाशी जमीन नेहमी शून्य उंचीवर येईल. टेकडी कडेच्या चार बोटं आधी संपली पाहिजे. कोणाला टेकडी दोन चौकोनांवर पसरवायचीच असेल तर तिची सुटी टेकडी करून वर ठेवणं सोपं पडतं.

या शिस्तीचं फळ काय? सहा वेगवेगळे चौकोन, प्रत्येक चार दिशांना फिरवता येतो. जागांची अदलाबदल ७२० प्रकारे आणि फिरवण्याचे ४,०९६ प्रकार, गुणाकार केला की २९ लाख ४९ हजार १२० मांडण्या. रस्त्याला रस्ता जुळला पाहिजे म्हटलं की यातल्या पुष्कळ बाद होतात, पण उरतात त्याही एका आयुष्यात खेळून संपणाऱ्या नाहीत.

मराठवाड्याची जमीन फोममध्ये

इंटरनेटवरच्या बहुतेक धड्यांत टेकडी कशी गोल, मऊ उताराची करायची ते शिकवतात. इकडच्या जमिनीला ते लागू नाही. दख्खनचा पठार लाव्ह्याच्या एकावर एक थरांनी बनलाय. कठीण थर टिकतो, मऊ थर झिजतो, आणि डोंगराला पायऱ्या पडतात. या खडकाला भूगोलात ‘ट्रॅप’ म्हणतात तो शब्दच उत्तर युरोपातल्या पायरीवाचक शब्दावरून आलाय. लातूरहून कंधार-मुखेडकडे जाताना बालाघाटच्या रांगा बघितल्या की माथा सपाट आणि कड पायरीची, हे लगेच डोळ्यांत भरतं.

म्हणजे फोमची शीट जशी असते, अगदी तशी ही जमीन आहे. अडीच सेंटिमीटर जाडीचे थर एकावर एक ठेवायचे, प्रत्येक वरचा थर थोडा आत घ्यायचा, कडा कटरने खडबडीत तोडायच्या आणि उतार करण्याच्या भानगडीत पडायचं नाही. युरोपी टेकडीवर मूर्ती घसरून पडते ही जुनी तक्रार आहे, पायरीवर ती निवांत उभी राहते. इथे खरं रूप आणि खेळाची सोय एकाच बाजूला आहेत, असं क्वचित होतं.

भुईकोटाने मात्र डोकं खाल्लं जातं. सह्याद्रीतला किल्ला डोंगरावर असतो, म्हणून टेबलावर नुसती वर भर घातली की झाला. उदगीर, औसा, कंधार हे तिन्ही जमिनीवरचे कोट, आणि त्यांचा जोर खंदकात आहे. औशाचा किल्ला तर खोलगट जागेत बसवलाय, भोवतालची जमीन त्याच्याहून उंच. टेबलावर खाली जायचं कसं? टेबल तर खोदता येत नाही. उपाय एकच : सगळं मैदानच जाड करायचं. प्रत्येक चौकोन पाच सेंटिमीटर जाडीचा घेतला तर त्यात चार सेंटिमीटर खोल कोरता येतं. पाच का, असं वाटतं, कारण साध्या माळाच्या चौकोनालाही तेवढा फोम लागतो. पण ओढे, विहिरी, खंदक, सगळं त्यातूनच निघतं, आणि पातळ चौकोनांवर नदी नुसती रंगवलेली पट्टी वाटते.

चार सेंटिमीटरचा खंदक किती खोल दिसेल हे मूर्तीच्या मापावर ठरतं. २८ मिलिमीटरची मूर्ती साधारण साठाव्या हिश्श्याची, तिच्यासाठी हा खंदक अडीच मीटरही भरत नाही, लहान मुलाने उडी मारावी असा. ६ मिलिमीटरच्या मूर्तीला, म्हणजे तीनशेव्या हिश्श्याला, तोच खंदक १२ मीटर खोल. उदगीरसारखी हजारोंच्या फौजांची लढाई खेळायची तर लहान मूर्तीच घ्याव्यात. मोठ्या मूर्ती एखाद्या गढीवरच्या झटापटीला शोभतात.

गढीचा विषय निघालाच तर घरांबद्दल. मराठवाड्याच्या जुन्या गावात उतरतं कौलारू छप्पर कमी, माळवद जास्त. सपाट धाब्याचं घर फोममध्ये बनवणं म्हणजे पंधरा मिनिटांचं काम, आणि वर बंदूकवाले उभे करता येतात. ज्वारीच्या चिपाडातला मऊ गाभा, ज्याच्या पूर्वी पोरं बैलगाड्या करायची, तो तुळया आणि दारांच्या चौकटींना फार छान दिसतो. पऱ्हाटीच्या बारीक फांद्यांची झाडं होतात, काथ्या कापून उभा चिकटवला की कुसळी गवत.

तार, वीज आणि धूर

थर्माकोल आणि एक्सपीएस कापायला गरम तार सगळ्यात चांगली. मणी उडत नाहीत, कड स्वच्छ निघते. मखर करणारे वापरतात तसा छोटा कटर मिळतो, किंवा धनुष्यासारख्या चौकटीला निक्रोमची तार ताणून घरी करता येतो. पाव मिलिमीटर जाडीची ३० सेंटिमीटर तार साधारण साडेसहा ओहम रोध देते. तिला ९ व्होल्ट दिले तर १.४ अँपिअर प्रवाह वाहतो, सुमारे साडेबारा वॅट, आणि फोमला तेवढं पुरतं. त्यामुळे अॅडॉप्टर किमान २ अँपिअरचा हवा. मोबाइलचा जुना चार्जर इथे चालत नाही, तो कमी दाबाचा असतो. आणि घरच्या २३० व्होल्टला पंख्याचा रेग्युलेटर जोडून तार तापवणं, जे कुठल्या ना कुठल्या व्हिडिओत दिसतंच, ते जिवाशी खेळणं आहे. उघड्या तारेला हात लागला की मधे काहीच नसतं.

तार लाल झाली तर ती जास्त तापलीय. फोम वितळून बाजूला व्हावा, जळू नये. धूर दिसला की व्होल्ट कमी करायचे किंवा हात भरभर चालवायचा. स्टायरिनचा वास आला की डोकं दुखतं, म्हणून काम गच्चीवर किंवा उघड्या खिडकीशी करावं आणि टेबलफॅन हवा बाहेर फेकेल असा ठेवावा, आपल्या तोंडावर नव्हे. कपड्याचा मास्क वाफ अडवत नाही, घासकामाच्या धुळीपुरता बरा. तार मोठ्यांनी धरावी, मुलांना कोरायला आणि रंगवायला पुष्कळ उरतं.

चिकटवायला साधा पांढरा फेविकॉल. फेविक्विक, चपलांचं रबर सोल्यूशन, स्प्रे पेंट यांतलं काहीही उघड्या फोमला लागलं की फोम डोळ्यांदेखत विरघळतो. एक्सपीएस पाणी शोषत नाही, त्यामुळे दोन मोठ्या शीटमधला फेविकॉल वाळायला दिवसभर आणि कधी जास्त लागतो. आधी दोन्ही बाजू खरखरीत करून घ्याव्यात, आणि तोवर थर सरकू नयेत म्हणून जळून उरलेल्या उदबत्तीच्या काड्या खिळ्यासारख्या टोचाव्यात. फक्त पुढे त्या जागेतून तार न्यायची नाही, काडीवर ती अडकते.

रंगाआधी चिलखत. फेविकॉल, थोडं पाणी आणि हार्डवेअरच्या दुकानातला काळा स्टेनर मिसळून दोन हात सगळीकडे द्यायचे, तळालाही. वरून एकाच बाजूला दिलं तर वाळताना ते आकसतं आणि चौकोन पापडासारखा वर उचलतो. तळाला ३ मिलिमीटरचा हार्डबोर्ड चिकटवला तर वाकणंही थांबतं आणि कोपरेही टिकतात. चिलखत नीट वाळलं की मग कसलाही पाण्यातला रंग चालतो.

मातीच्या बाबतीत मोह आवरावा लागतो. मराठवाडा म्हणजे काळी माती, तीच मैदानावर पसरावी असं वाटणारच. पण ही माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. फेविकॉलवर लावली की शेतात उन्हाळ्यात होतं तेच चौकोनावर होतं आणि खपल्या निघतात. चाळलेला मुरूम किंवा बारीक वाळू घ्यावी, तव्यावर भाजून किडे-बिया माराव्यात, फेविकॉलवर भुरभुरावी आणि काळेपणा रंगाने आणावा. आधी गडद तपकिरी-काळा, वर कोरड्या ब्रशने फिकट राखाडी. फेब्रुवारीतली लढाई आहे, म्हणून गवत हिरवं नको. लाकडाचा भुसा पिवळट रंगवून टाकला की माळ तयार.

कामानंतरचे तुकडे आणि मणी झाडून बाहेर फेकू नयेत. नांदेडमध्ये नाल्यात गेलेला मणी गोदावरीत जातो आणि पॉलिस्टायरिन कुजत नाही. घासण्याआधी जमीन ओल्या फडक्याने पुसली की मणी उडत नाहीत. उरलेला चुरा फेविकॉलमध्ये कालवून पुढच्या टेकडीच्या पोटात भरता येतो.

तयार चौकोन पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवायचे नाहीत. पॉलिस्टायरिन सत्तर-पंचाहत्तर अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं, आणि मे महिन्यात तापलेल्या पत्र्याला चिकटलेला चौकोन त्या जवळपास पोचू शकतो. सहा चौकोन, मध्ये जुनी चादर घालून, दिवाणाखाली तीसेक सेंटिमीटरमध्ये बसतात. झाडं आणि घरं सुटी ठेवावीत, चिकटवू नयेत. तशी ठेवली तर आज औशाचा माळ असलेला चौकोन उद्या कंधारच्या वाटेवरचं गाव होतो.